आणा, पेट्रोल, दुष्काळ आणि टोल

डिसेंबर १९४३. महायुद्ध चालू होतं, बंगालात दुष्काळाने लाखो माणसं दगावली होती, पेट्रोल रेशनवर मिळत होतं. अशा दिवसांत देशभरातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि पुढच्या वीस वर्षांचे रस्ते आखून मोकळे झाले. लष्करी वाहनांनी होते ते रस्ते खिळखिळे केले होते. गावोगावचे रस्ते तर बैलगाडीच्या लोखंडी धावांनी केव्हाच चिरले होते. तरीही या मंडळींनी आकडा मांडला तो ३ लाख ३१ हजार मैलांचा.

‘नागपूर योजना’ म्हणून ती प्रसिद्ध झाली. रस्त्यांच्या पाच पायऱ्या तिने ठरवल्या: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे पुढचे राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते. चांगल्या लागवडीच्या मुलखातलं एकही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये, हे तिचं सूत्र. आजही मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं दिसलं की रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे आणि हिरवं दिसलं की राज्याचा, हे एसटीच्या खिडकीशी बसलेलं पोरही सांगतं. त्या प्रतवारीचा उगम नागपुरातला.

गंमत अशी, की तेव्हाचं नागपूर मुंबई प्रांतात नव्हतंच. ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचं राजधानीचं शहर. मुंबईशी त्याची सरकारी सोयरीक जुळली १९५६ मध्ये, आणि नागपूरहून मुंबईच्या वेशीपर्यंतचा सलग द्रुतगती रस्ता पुरा झाला जून २०२५ मध्ये. अभियंत्यांच्या त्या बैठकीनंतर ८१ वर्षांनी.

मधल्या काळात आराखड्यांची टंचाई कधीच नव्हती. नागपूर योजनेने दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता मागितला, १९६१-८१ च्या मुंबई योजनेने ३२ आणि १९८१-२००१ च्या लखनौ योजनेने ८२. नकाशे चोख होते, सूत्रंही शहाणी होती. पण कोणत्या मुलखात रस्ता आधी गेला, कुठे पक्का झाला आणि कुठे नाल्याशी येऊन थबकला, हे नकाशांनी ठरवलं नाही. रस्त्याचा पैसा दरवेळी वेगळ्या खिशातून आला आणि ज्याचा खिसा, त्याच्या सोयीने रस्ता वळला. महाराष्ट्राच्या रस्त्यांचा दोनशे वर्षांचा इतिहास त्या खिशांच्या क्रमाने वाचला की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

पहिला खिसा लष्कराचा आणि व्यापाऱ्याचा. देशावरून कोकणात उतरायच्या वाटा सातवाहनांच्या काळापासून वाहत्या आहेत. नाणेघाटातला दगडी रांजण जकात गोळा करायचाच, असं लोक आजही हटकून सांगतात. पण या वाटा पायी माणसांच्या आणि लमाणांच्या बैलतांड्यांच्या. चाकाची गाडी घाट उतरू शकत नव्हती. पेशवाई बुडाल्यावर पुण्याला फौज ठेवायची आणि तिला रसद मुंबईहून पोचवायची, तर हे चालण्यासारखं नव्हतं. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी भोर घाटातला गाडीरस्ता खुला केला. बैलाच्या पाठीवरचा माल गाडीत आला आणि वाहतूक स्वस्त झाली. त्याबरोबर घाटात टोलही आला. टोलनाक्याशी हुज्जत घालणाऱ्या आजच्या मोटारवाल्याला आपला पूर्वज तिथेच बैलांना चुचकारत उभा होता याची कल्पना नसते. मुंबई प्रांताचा रस्ते आणि पुलांवरच्या टोलचा कायदाही १८७५ इतका जुना आहे.

मुंबई-आग्रा रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रांगेला लागला. पुढे कुंभार्ली, फोंडा, आंबोली, महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी असे घाट एकामागून एक फुटले. पण मध्येच खेळ पालटला. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी निघाली आणि दहा वर्षांत, १८६३ मध्ये, ती भोर घाट चढून गेली. सरकारचं लक्ष आणि भांडवल रुळांवर गेलं. रस्त्याची किंमत आता तो कोणत्या स्टेशनला जातो यावर ठरू लागली. तालुक्याच्या गावाहून निघालेला रस्ता शेजारच्या तालुक्याला न जाता वाकडा होऊन स्टेशन गाठतो, हे दृश्य महाराष्ट्रात ठिकठिकाणी दिसतं. त्यामागे हा काळ आहे. भोर घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाची आख्यायिकाही रेल्वेचीच. साहेबाला घाटाची वाट एका धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी मिळाली, असं ती सांगते. खरंखोटं कोण जाणे, पण जुन्या रस्त्याने जाणारे ट्रकवाले तिथे अजून नाणं टाकतात.

दुसरा खिसा शेतकऱ्याचा. १८६० च्या दशकात मुंबई सरकारने शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ बसवला. त्यातला मोठा वाटा रस्त्यांना आणि धर्मशाळा-विहिरींसारख्या कामांना, उरलेला शाळांना. पुढे या पैशाचा कारभार जिल्हा लोकल बोर्डांकडे आला. बोर्डाची मिळकत ती केवढी! त्यातून निघाले ते मुरमाचे रस्ते, दोन्ही बाजूंना वड, चिंच, कडुनिंब लावलेले. ज्या जिल्ह्याचा सारा मोठा त्याला फंड मोठा. कोरडवाहू जिल्ह्याच्या वाट्याला धूळच. विषमतेचं बी इथे पडलं, आणि ते कोणी मुद्दाम पेरलं असंही नाही. हिशेबच तसा होता.

याच काळात दुष्काळाने रस्ते बांधून घ्यायची रीतही रुळली. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनचे हजारो शेतकरी सरकारी कामांवर खडी फोडायला बसले. भारत सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर जेमतेम अर्धा आणा इतकी खाली आणली, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने कडाडून हरकत घेतली आणि कामांवरची माणसं टोळ्याटोळ्यांनी उठून निघून गेली. रस्त्याकडेला रचलेले खडीचे ढीग मात्र राहिले. पुढची शंभर वर्षं ही रीत सुटली नाही.

तिसरा खिसा मोटारवाल्याचा, आणि तो शोधून काढला एका मराठी बॅरिस्टराने. पहिल्या महायुद्धानंतर लॉऱ्या आणि सर्व्हिस मोटारी वाढल्या. बैलगाडीसाठी केलेला मुरूम-खडीचा रस्ता रबरी टायरांच्या वेगाखाली उधळू लागला. बारीक माती उडून जायची, खडी सुटी व्हायची, आणि पुढच्या पावसात उरलेलं वाहून जायचं. बोर्डांकडे डांबराला पैसा नव्हता. १९२७ मध्ये केंद्रीय कायदेमंडळाच्या आग्रहावरून रस्तेविकास समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष होते मुकुंद रामराव जयकर. पुढच्याच वर्षी आलेल्या अहवालात समितीने स्पष्ट म्हटलं, की रस्ते आता प्रांतांच्या आणि स्थानिक बोर्डांच्या कुवतीबाहेर गेले आहेत. हा साऱ्या देशाचा प्रश्न झाला आहे आणि पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचा वेगळा निधी करावा. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. गॅलनमागे दोन आणे. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली तीही याच शिफारशींच्या धाग्याने. आज देशातल्या कोणत्याही रस्त्याची रुंदी, उतार, वळण ठरतं ते तिच्या पुस्तिकांवरून.

जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात बसून पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी अभ्यास केला. पण आपण गणेशखिंडीपर्यंत ज्या रस्त्याने आलो, त्याच्या पैशाची व्यवस्था याच गृहस्थाने लावली होती हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? पेट्रोलपंपावर आपण आजही रस्त्याचा उपकर भरतो. २००० च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने त्याला नवं रूप दिलं, इतकंच.

पेट्रोलचा पैसा अर्थात मोटारींच्या मागे गेला. मोठ्या शहरांमधले हमरस्ते डांबरी झाले, आडगावं मुरमावरच राहिली. नागपूरच्या अभियंत्यांनी ‘गावापासून पाच मैल’ हा गज धरला तो या पार्श्वभूमीवर. तो खरोखर नवा विचार होता. रस्ता कुठून कुठे जातो हे न विचारता रस्त्यापासून लांब कोण राहिलं, हे त्यांनी विचारलं.

१ मे १९६० रोजी राज्य झालं तेव्हा हातात आलेला रस्त्यांचा नकाशा एका राज्याचा नव्हताच. पश्चिम महाराष्ट्राचे रस्ते पुण्या-मुंबईकडे धावत होते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. तिथे निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ पासून बसही चालवल्या, पण बस काय आणि रस्ता काय, तोंड हैदराबादकडे. विदर्भाचे रस्ते नागपुरात गोळा होऊन जबलपूर-रायपूरकडे निघत. कोकणाला तर रस्त्यापेक्षा समुद्र जवळचा. चाकरमानी बोटीने यायचा आणि खाडीखाडीला तरीत बसायचा. या चार तोंडांना एकाच दिशेला वळवणं हे नव्या राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यापुढचं पहिलं काम.

त्यात जमिनीची गोष्ट वेगळी. सह्याद्रीचा काळा पाषाण खडीला उत्तम. देशावर खडीची ददात नाही. पण विदर्भ-मराठवाड्यातली काळी कसदार माती ही रस्त्याची वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर वरखाली होतं. तिथे खालून मुरमाचा जाड थर द्यावा लागतो आणि तो मुरूम लांबून आणावा लागतो. म्हणजे ज्या भागात रस्ते कमी, तिथेच रस्ता महाग. कोकणात उलटं: जांभ्याची जमीन टणक, पण दर दोन कोसांवर ओढा, व्हाळ किंवा खाडी, रस्त्यापेक्षा मोऱ्या आणि पूलच जास्त. सरासरी काढून पैसे वाटणाऱ्या कारकुनाला हे सगळं एकाच रकान्यात बसवायचं होतं.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याकडे राहिले. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते परिषदांकडे गेले. कागदावर ही वाटणी समंजस होती. प्रत्यक्षात लांबी परिषदेकडे आणि पैसा खात्याकडे, असं तिचं रूप झालं. पाच पायऱ्यांतल्या खालच्या दोन पायऱ्या तेव्हापासून कायम उपाशी आहेत.

तरी रस्ते वाढले, आणि त्याला मोठा धक्का दिला एसटीने. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली. नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत ‘गाडी सुरू करा’ ही गावाची पहिली मागणी झाली, शाळा आणि दवाखान्याच्याही आधीची. गाडी यायची तर रस्ता हवा, म्हणून रस्ता. पावसाळ्यात मात्र फरशी पुलावरून पाणी चढलं की गाडी फाट्यावरच थांबे; तिथून गाव दोन-तीन मैल, डोक्यावर बोचकं आणि हातात चपला. ‘फाटा’ नावाची जी वस्ती महाराष्ट्रात उगवली, चहाची टपरी, सायकलचं दुकान, पुढे बिअर बार, ती या अर्धवट पोचलेल्या रस्त्यांची देणगी.

आणि मग १९७२. लागोपाठ पाऊस हुकला आणि राज्याचा मोठा भाग कामावर गेला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, विहिरी आणि रस्ते. त्यातही खडी. सकाळी मुकादम हजेरीपत्रकावर नावं पुकारायचा. बाया डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पाटी घेऊन माती वाहायच्या. पुरुष कुदळ चालवायचे. म्हातारीकोतारी माणसं फडकं बांधलेल्या बोटांनी हातोडी धरून दगड फोडत बसायची. बाभळीला झोळी आणि झोळीत पोर. काम मोजायचं ब्रासवर, शंभर घनफुटांचा एक ब्रास, आणि मापं घ्यायला येणाऱ्या माणसाच्या टेपवर घरची भाकरी ठरायची. दुपारी सुकडी वाटली जायची. रेशनला परदेशातून आलेला तांबडा मिलो. त्या पिढीतलं माणूस आजही मिलो म्हटलं की तोंड वाकडं करतं.

याच सुमारास विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना रुजली: मागेल त्याला काम, आणि काम असं की गावाला काही टिकाऊ मिळावं. रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिचा पैसा चौथ्या खिशातून आला. पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला आणि तितकीच भर सरकारने घातली. फोर्टातल्या कारकुनाच्या पगारातून महिन्याला वळते झालेले रुपये माणदेशातल्या रस्त्याच्या मातीकामाला गेले. शहराने खेड्यासाठी रस्ता बांधण्याचा असा सरळ व्यवहार महाराष्ट्रात त्यापूर्वी झाला नव्हता, त्यानंतरही क्वचितच झाला.

त्या रस्त्यांचं पुढे काय झालं? योजनेत मजुरीवरचा वाटा मोठा असावा लागे. यंत्राला, डांबराला, सिमेंटला फारसा वाव नव्हता. मातीकाम झालं, खडीही कुठे कुठे पसरली, पण मोऱ्या आणि पूल राहून गेले. पाऊस आला की माणसं शेतावर परतली, आणि रस्ता ओढ्याच्या अलीकडे थांबला तो थांबलाच. पुढच्या टंचाईत त्याच रस्त्यावर पुन्हा मातीकाम. या रस्त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण पुढे डांबर घालायला जी आखणी तयार मिळाली, ती पुष्कळ ठिकाणी याच दुष्काळी रस्त्यांची होती. पंतप्रधान ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये आली, तेव्हा गावाला जायची वाट नव्याने शोधायची गरज कित्येक तालुक्यांत उरली नव्हती.

रस्ते कुठे कमी पडले याचा हिशेब सरकारने पहिल्यांदा नीट मांडला तो १९८४ मध्ये. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने एकेका जिल्ह्याला राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिलं. सगळ्या क्षेत्रांचा मिळून अनुशेष निघाला ३,१८६ कोटी ७७ लाखांचा. रस्ते हे त्यातलं एक क्षेत्र. अहवाल सरकारने औपचारिकरीत्या स्वीकारला नाही, पण ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून विधिमंडळाच्या तोंडी बसला तो कायमचा. सरासरीत एक अडचण होती आणि आहे: काळ्या मातीतल्या किलोमीटरला पाषाणातल्या किलोमीटरइतकंच धरलं जातं.

नव्वदच्या दशकात सरकारची तिजोरी आटली आणि पाचवा खिसा उघडला. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या मंत्राने खाजगी भांडवल रस्त्यात आलं. ठाणे-भिवंडी वळणरस्ता हा त्यातला सुरुवातीचा प्रयोग. १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं. तेव्हा नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी आलेली सर्वांत कमी बोली ३,६०० कोटींची होती. सरकारने ती नाकारली, महामंडळाने बाजारातून रोखे काढून पैसा उभा केला आणि काम सुमारे १,६०० कोटींच्या घरात झालं. ९४.५ किलोमीटर, सहा मार्गिका, घाटात बोगद्यांची माळ. २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला. माल्कमच्या रस्त्याने बैलगाडीला जिथे दिवस मोजावे लागत, तिथे मोटार तासाभरात घाट ओलांडू लागली. ही मोठीच कामगिरी, आणि त्या वेळच्या अभियंत्यांना तिचं श्रेय अजून पुरेसं मिळालेलं नाही.

पण टोलच्या रस्त्याचा एक स्वभाव असतो. तो जिथे मोटारी आहेत तिथेच जातो. गडचिरोलीत टोलवर रस्ता कोण बांधणार? शिवाय टोल ही मिळकत आहे असं एकदा कळलं की ती सोडवत नाही. द्रुतगती मार्गाचा टोल वसूल करायचा हक्क २००४ मध्ये १५ वर्षांसाठी ९१८ कोटींना दिला गेला. ती मुदत संपल्यावर २०२० मध्ये दहा वर्षांसाठी ८,२६२ कोटींना. रस्ता तोच. कोल्हापुरात शहरांतर्गत ४९.९९ किलोमीटर रस्त्यांवर टोल बसला, तेव्हा शेतकरी कामगार पक्षाचे नेते एन. डी. पाटील यांच्या पुढाकाराने सगळं शहर रस्त्यावर उतरलं आणि सरकारला तो गुंडाळावा लागला. २०१५ मध्ये १२ नाके बंद झाले, ५३ नाक्यांवर छोट्या वाहनांना माफी मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही वेशींवरून हलक्या वाहनांचा टोल उठला. टोल लावणं जसं राजकारण तसं तो उठवणंही. उठवलेल्या टोलची भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्याही खिशातून होते, ही गोष्ट सभांत कोणी बोलत नाही.

या साऱ्या घडामोडीत एक माणूस रस्त्यावरून नाहीसा झाला. खात्यात त्याला मैलकुली म्हणत. नेमून दिलेले काही मैल त्याच्या अंगावर. पावसाच्या आधी मोऱ्यांतला गाळ काढायचा, कडेच्या चाऱ्या मोकळ्या करायच्या, साइडपट्टीचा मुरूम सारखा करायचा, खड्डा पडला की हाताशी ठेवलेल्या ढिगातून खडी घेऊन लगेच बुजवायचा, वडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे ओढायचे. डांबरी रस्ता मरतो तो गाड्यांच्या वजनाने मरतो त्याहून जास्त साचलेल्या पाण्याने. पाणी फटीतून खाली उतरतं, मुरूम भिजतो, वरचं डांबर पोकळ होतं आणि पहिल्या जड ट्रकाला खचतं. मैलकुलीचं फावडं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त इलाज होता. हळूहळू ही पदं आटत गेली, देखभाल ठेक्यांवर गेली. आता मोरी तुंबली तर निविदा निघेपर्यंत ती तुंबलेलीच.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी कमानीचा पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. शेजारी नवा पूल होता. जुना एका बाजूच्या वाहतुकीसाठी वापरात ठेवलेला होता. त्यानंतर तिथे १६५ दिवसांत नवीन पूल उभा राहिला. हाच तर या खात्याचा विरोधाभास. पूल दोनशे दिवसांच्या आत उभारायची धमक आहे. तो पडण्याआधी त्याच्याखाली उतरून पाया बघायची सवय नाही.

मुंबई-गोवा महामार्ग हे त्याचंच मोठं उदाहरण. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात लागला. चौदा गणपती येऊन गेले तरी तो रस्ता सगळा सुरळीत झाला नव्हता; ठेकेदार बदलले, न्यायालयाने कान उपटले, चाकरमान्यांनी तेच खड्डे मोजले. आणि याच अवधीत दुसरीकडे ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग घोषणेपासून उद्घाटनापर्यंत पोचला.

२०१५ मध्ये जाहीर झालेला हा रस्ता दहा जिल्ह्यांतून आणि ३९२ गावांतून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी ५२० किलोमीटर खुले झाले. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा, जवळपास आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यासह. सिन्नर तालुक्यातल्या शिवडे गावाने आणि शहापूर भागातल्या शेतकऱ्यांनी आधी जमीन द्यायला ठाम नकार दिला होता. सरकारने थेट खरेदीचा मार्ग धरला, रेडी रेकनरच्या पाचपटीपर्यंत भाव दिला, आणि विरोध बराचसा विरला. पैसा बँकांच्या कर्जातून आणि सिडको, म्हाडा, एमएमआरडीए अशा जमिनीवर श्रीमंत झालेल्या सरकारी संस्थांच्या भागभांडवलातून. म्हणजे सहावा खिसा मुंबईच्या जमिनीचा. १९६० मध्ये ज्या विदर्भाचं तोंड जबलपूरकडे होतं, ते आता खरोखर मुंबईकडे वळलं आहे, आणि हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खाजगी बस पेटून २५ माणसं गेली, तेव्हा सरळसोट रस्त्यावर विश्रांतीच्या जागा आणि मदतीची यंत्रणा रस्त्याच्याच बरोबर उभी राहायला हवी होती, हेही उघड झालं.

आता त्याच धर्तीवर पवनार ते गोव्याच्या सीमेवरची पत्रादेवी असा सुमारे ८०० किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला आहे. कोल्हापूर-सांगलीच्या बागायती पट्ट्यातले शेतकरी विचारतात, की समांतर महामार्ग असताना हा कोणासाठी? प्रश्न रास्त आहे. नागपूरच्या अभियंत्यांनी १९४३ मध्ये जो गज धरला होता, तो इथे लावला तर उत्तर काय येईल, हे सरकारने एकदा आकड्यांनिशी सांगावं.

महाराष्ट्रात आज देशातले सर्वाधिक, १८ हजार किलोमीटरहून जास्त, राष्ट्रीय महामार्ग आहेत. २००१-२१ च्या राज्य आराखड्याचं एकूण लक्ष्य होतं सुमारे ३ लाख ३७ हजार किलोमीटर, आणि त्यातल्या तीन लाखांहून अधिक लांबीवर आज रस्ता म्हणावा असं काहीतरी आहे. निम्म्याहून जास्त लांबी त्या खालच्या दोन पायऱ्यांची, जिल्हा परिषदांच्या माथ्यावरची. तिला ना टोल, ना कर्ज, ना पेट्रोलच्या उपकरातला पुरेसा वाटा. पुढचा वीस वर्षांचा आराखडा जेव्हा विधिमंडळात येईल, तेव्हा आमदारांनी नव्या महामार्गांची यादी बाजूला ठेवून आधी एकच पान उघडावं: इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्त्यांच्या दुरुस्तीला दरवर्षी किती रुपये, आणि ते कोणत्या खिशातून. ते पान कोरं असेल तर आराखडा परत पाठवावा.